मामांचा आकडा

जालन्यात आमच्या ओळखीतल्या एकाने दुकानावरच्या रिकाम्या मजल्यावर पूल या खेळाची दोन टेबलं टाकली, तेव्हा आम्ही काही जण नुसतं बघायला म्हणून गेलो आणि तिथेच रमलो. दिवसभर मी बियाण्यांच्या कंपनीत ऑफिसचं काम करतो. संध्याकाळी हातात स्टिक घेऊन बॉल कोपऱ्यातल्या भोकात ढकलायला टेबलावर वाकलं की डोकं हलकं व्हायचं. हळूहळू रविवारचे सामने सुरू झाले. खेळणारे सगळे हौशी. ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट विकणारा दुकानदार होता, दाताचे डॉक्टर होते, शाळामास्तर होते, आणि घनसावंगीहून स्वतःची जीप घेऊन येणारा एक तरुण ड्रायव्हर होता.

कच्च्या माणसालाही जिंकायची आशा राहावी म्हणून आम्ही प्रत्येकाला एक आकडा दिला होता. ज्याचा आकडा सहा, त्याने सहा डाव जिंकले तर सामना त्याचा. ज्याचा दोन, त्याला दोनच डाव पुरे. पुढे खेळ बघून आकडा वर-खाली व्हायचा, त्याची काही तक्रार नसायची. खरी पंचाईत नव्या माणसाची. त्याला कुणी खेळताना पाहिलेलंच नाही, मग पहिला आकडा लावायचा कसा?

आधी आम्ही ज्याचं त्याला विचारायचो. डॉक्टर म्हणाले, मला काहीच येत नाही, आणि पहिल्याच रविवारी सगळ्यांना झोपवून घरी गेले. एका बांधकाम ठेकेदाराने छाती पुढे काढून सहा मागून घेतला. मग तो इतक्या वेळा हरला की यायचाच बंद झाला. त्या माणसाचं मला फार वाईट वाटलं. बोलायला दिलखुलास होता, येताना सगळ्यांसाठी भजी आणायचा. चुकीच्या आकड्याने आम्ही एक चांगला माणूस घालवला.

त्यानंतर ठरलं की नव्या माणसाने आधी माझ्याशी काही डाव खेळायचे आणि आकडा मी लावायचा. मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून माझ्यावर सोपवलं असावं. काम मला मनापासून आवडलं. समोरचा नेम कसा धरतो, सोपा बॉल हुकला तर काय करतो, हे बघण्यात मजा होती.

त्याच सुमारास माझे सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले. त्यांना मी मामा म्हणतो. पिंपळगाव रेणुकाईला त्यांची शेती. उंच, सडपातळ, धोतर-टोपीतला माणूस, बोलणं अगदी कमी. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं काही आठवड्यांनी करायचं होतं, म्हणून मुक्काम लांबला. पण शेतातला माणूस फ्लॅटमध्ये किती बसणार? जिना चढ-उतर करायचे, माझ्या बायकोच्या हातातली भाजी घेऊन निवडायचे, गॅलरीत उभे राहून मोटारसायकली बघायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी फिरायची परवानगी दिल्यावर मी त्यांना आमच्या पूलच्या हॉलवर घेऊन गेलो.

टेबलाकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे तर कॅरमच की, पाव्हणे. सोंगट्या गोल केल्यात, एवढंच." गावात देवळाच्या ओट्यावर त्यांनी उभं आयुष्य कॅरम खेळला होता, हे मला तेव्हा कळलं.

मग दुपारी मी कंपनीत असताना ते एकटेच हॉलवर जाऊ लागले. दुपारी तिथे कुणी नसायचं, मालकालाही सोबत व्हायची. बरेच दिवस असं चाललं. एकदा मीच म्हणालो, मामा, रविवारी तुम्हीपण खेळा. रीतीप्रमाणे आधी माझ्याशी डाव झाले. संध्याकाळची वेळ, बघायला दहा-बारा जण जमलेले. मामांचा पहिला फटका छान बसला. मी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मात्र काही केल्या त्यांचा बॉल आत जाईना. अगदी तोंडाशी आलेला बॉलसुद्धा कडेला आपटून परत यायचा. सगळे डाव मी जिंकलो. डोळ्याचं नुकतंच झालंय, वय झालंय, असा विचार करून मी त्यांना दोनचा आकडा लावला. त्यात थोडी माया होती हेही खरं, पण खेळच तसा दिसला होता.

रविवारी त्यांचा सामना त्या जीपवाल्याशी होता. त्याचा आकडा पाच. मी शेजारच्या टेबलावर खेळत होतो. माझा सामना संपायच्या आत मामा जिंकून बाकावर बसलेसुद्धा होते. लोक म्हणाले, त्यांनी दुसऱ्या डावात त्याला हातच लावू दिला नाही.

जीपवाला मला जिन्यात भेटला. चिडलेला नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. "सर, तुमचे सासरे हायेत म्हणून तिथं बोललो न्हाई," तो म्हणाला. "पण दोनचा माणूस असा खेळत न्हाई. मी रविवारचं पॅसेंजर सोडून येतो. आकडा बराबर लावत जा."

घरी जाताना मी मामांना सरळ विचारलं, त्या दिवशी माझ्यासमोर असे कसे खेळलात? ते म्हणाले, "पाव्हणे, चार माणसांत जावयाला कसं हरवावं?"

लेकीच्या घरी राहतोय, त्यात जावयाचे दोस्त भोवती उभे, तिथे त्याच्यावर कुरघोडी करणं त्यांच्या मनाला पटलंच नव्हतं. म्हणून ते प्रत्येक बॉल जरासा बाजूला मारत राहिले होते. आत जाणारा बॉल इतक्या बेताने चुकवायचा आणि कुणाला कळू द्यायचं नाही, हे जिंकण्याहून अवघड. त्या डावांवरून आकडा ठरतो हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांना ती नुसती घरच्यांची गंमत वाटली होती.

मी आकड्याचा सगळा हिशेब समजावून दिला तेव्हा ते रस्त्यातच थांबले. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे त्या पोराची जीत माझ्याकडं आली का? मंग ती वापस द्यावी लागंल. माझा आकडा आधी बराबर करा."

पुढच्या रविवारी आधी मामा आणि मी खेळलो. मी त्यांना हात जोडून सांगितलं, आज जावई-बिवई विसरा, मनापासून खेळा. तरी पहिल्या डावात त्यांचा हात अडखळत होता. एकदा तर नेम धरून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू परवानगी मागताहेत. मी मान डोलावली. मग मात्र ते खेळले. पांढरा बॉल कडेला लावून हवा तिथे आणायचे, आणि डाव संपवणारा काळा बॉल आत गेला की लगेच टोपी सारखी करायचे, मान खाली घालून. मी सपशेल हरलो आणि माझ्याइतकं खूश तिथे कुणीच नव्हतं. मामांचा आकडा पाच ठरला. जीपवाल्याशी पुन्हा सामना झाला, बरोबरीचा, अगदी शेवटच्या डावापर्यंत ताणलेला. तो जिंकला. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला चहा पाजला.

तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. नवा माणूस आधी एकटाच खेळतो. टेबलावर बॉल मांडून द्यायचे आणि किती आत जातात ते बघायचं. समोर कुणी नसलं की ना रुबाब आडवा येतो, ना भीड. आणि नात्यातल्या माणसाचा आकडा दुसऱ्या कुणीतरी लावायचा. ठेकेदारालाही मी घरी जाऊन बोलावून आणलं. तो तीनवर खेळतो, कधी जिंकतो, कधी हरतो, पण येतो.

मामांकडून हरलो त्या रविवारी आम्ही घरी पोचलो तर बायको दारातच उभी होती. तिने वडिलांना विचारलं, "आबा, कोण जिंकलं?"

मामा चपला काढत म्हणाले, "पाव्हण्यांचा हात दुखून राह्यला व्हता आज. त्यांना आधी जेवायला वाढ."