पन्नासच्या वर थरथर

"थांबवा! अजी जवाईबापू, गाडी थांबवा म्हनतो ना मी!"

ओरडत होते ते माझे सासरे. त्यांना सासरे होऊन पुरते दोन दिवसही झाले नव्हते, पण आवाज असा लावला होता की जणू पंचवीस वर्षं तेच काम करत आलेत. मांडवपरतणीला, म्हणजे लग्नानंतर नवरीला पहिल्यांदा माहेरी न्यायला, आम्ही मोहाडीहून अड्याळला निघालो होतो. पुढे मी आणि सासरे, मागे माझी नवी बायको आणि तिची मावशी, आणि दोघींच्या मध्ये लाडूंचा डबा. भंडारा मागे पडला, पवनीचा रस्ता सरळ दिसला, आणि बाजूने एक ट्रॅक्टर मला मागे टाकून निघून गेला. नव्या नवरदेवाला ट्रॅक्टरने मागे टाकावे ही काही सहन करायची गोष्ट नाही. मी पाय दाबला. काटा पन्नासवर गेला आणि जीपच्या अंगात आले.

आधी गियरचा दांडा डोलू लागला. मग आरसा. मग मावशीचे गाल. सासऱ्यांची वरची कवळी खालच्या कवळीशी भांडायला लागली. डब्यातले लाडू डब्यातच फुटून त्यांचे परत बेसन झाले. रस्त्याकडेच्या तळ्यावरचे सगळे बगळे एकदम उडाले. काही लोक म्हणतात की बगळे कुणीतरी दगड मारला म्हणून उडाले. ते लोक गाडीत नव्हते.

मी गाडी थांबवली. सासरे खाली उतरले, कवळी जागेवर बसवली आणि अड्याळपर्यंतचा उरलेला रस्ता मला तीसच्या वर जाऊ दिले नाही. तो ट्रॅक्टर परत दिसलाच नाही.

आता इथे माझ्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण ही थरथर दुसऱ्या कुणाच्या गाडीला झाली असती तर लोक हसले नसते. मी मेकॅनिक. मोहाडीच्या बाजाराच्या कडेला माझा टिनाचा शेड होता, आणि ट्रक-जीपच्या खालून येणारा कुठलाही आवाज कानाने ओळखतो अशी माझी ख्याती होती. ती बहुतेक मीच पसरवली होती. तुमसरहून धानाचा ट्रक निघाला की मोहाडीत खाटेवर पडल्या पडल्या मी सांगत असे, याचा मागचा सांधा सुका आहे. भंडारा-गोंदिया जिल्हा एक होता तेव्हा माझे नाव पार गोंदियाच्या पलीकडे होते. जिल्हा फुटला तेव्हा निम्मे नाव तिकडे गेले, आणि उरलेल्या निम्म्यावर मला लग्न करावे लागले.

सासरे विणकर. अड्याळच्या घरात पुढच्या खोलीत हातमाग, आणि ते त्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून चाळीस वर्षं बसलेले. मागाची दोरी तुटली, फळी खचली, काहीही झाले तरी त्यांनी कधी सुतार बोलावला नव्हता. माणूस कसा आहे हे त्याच्या हत्यारावरून कळते असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे अड्याळला पोचल्यावर पाय धुऊन, चहा पिऊन, अगदी प्रेमाने ते मला म्हणाले:

"जवाईबापू, तुमी गाड्या दुरुस्त करता म्हनून पोरगी देल्ली. आपलीच गाडी तुमाले समजून नाही राह्यली. ते थरथर गेली का पोरगी घेऊन जा. तवावरी राहा, जेवा, आपलंच घर हाय."

मी म्हणालो, मामाजी, आजपासून पाचव्या दिवशी घरी सत्यनारायण आहे, आईने अर्धी मोहाडी जेवायला सांगितली आहे, पूजेला जोडी लागते. ते म्हणाले, मग तीन दिवस हायेत ना. एसटीने जातो म्हटले तर तेही नाही. प्रश्न जाण्याचा नव्हताच. प्रश्न माझ्या हाताच्या गुणाचा होता, आणि तो गुण आता अख्ख्या अड्याळसमोर अंगणात उभा होता, चारही चाकांवर.

मी बायकोकडे आशेने पाहिले. तिने मान खाली घालून पदर सारखा केला. ती तिच्या बापाच्या बाजूने होती. तिच्या जागी मी असतो तर मीही असतो, कारण मागच्या सीटवर थरथर जास्त लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागलो. पुढच्या खोलीतून मागाचा खटक-खटक आवाज चालू होता, अंगणाच्या कठड्यावर गावातली पंधरा-वीस माणसे बसली होती, आणि मी डॉक्टरसारखा शर्टाच्या बाह्या सारून जीपभोवती फिरत होतो. थरथर शोधायची माझी एक रीत आहे. आधी इंजिनावर आळ घ्यायचा. पन्नासवर गेलो, गाडी न्यूट्रल केली, इंजिन मंद पडले. थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष सुटले. मग चाकांवर आळ. पुढची चाके मागे लावली, मागची पुढे. थरथर जिथे होती तिथेच. म्हणजे चाकेही सुटली. उरला शाफ्ट. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारी लोखंडी नळी ती. तिच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो, त्याला आम्ही क्रॉस म्हणतो. मी खाली घुसलो, दोन्ही क्रॉस हाताने पिळून पाहिले, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकले. एकही सैल नाही, एकही सुका नाही. माझ्याच हाताने महिन्याभरापूर्वी नवे घातलेले.

कठड्यावरची मंडळी मात्र रिकामी बसली नव्हती. एकाने नजर लागल्याचे निदान केले आणि मिरच्या आणून ओवाळल्या. मावशीने दोष लाडवांच्या डब्याला दिला, कारण डब्याचे वजन एका बाजूला होते. गावात एक निवृत्त ड्रायव्हर होते. शेवटी त्यांनी उपाय सांगितला तो असा: पन्नासवर थरथरते ना, मग सत्तरवर जायचे, थरथर मागे राहून जाते. हताश माणूस काहीही करतो. मी सत्तरवर गेलो. परत आलो तेव्हा तोंडात दात तितकेच होते, पण जागा बदलून बसले होते. पवनीच्या बाजूला कुठेतरी माझ्या जीपचा डावा आरसा अजून पडलेला असेल. कुणाला सापडला तर आता नको, दुसरा लावला.

तिसरा दिवसही असाच गेला. रोज दोन वेळा पाटोडी, वडे, खीर असे जेवण समोर यायचे आणि सासू फार प्रेमाने वाढायची. मी पुष्कळ जेवलो, पण खरे सांगतो, चव लागली नाही. चौथ्या दिवशी सकाळी आईने शेजारच्या घरच्या फोनवरून निरोप धाडला की बुंदी पाडून झाली आहे, नवरी कधी येते. मी सांगायला लावले की उद्या सकाळी. ते कशाच्या जोरावर सांगितले ते मला अजून कळलेले नाही.

त्या दुपारी मागाचा आवाज एकाएकी थांबला. सासरे खड्ड्यातून पाय काढून बाहेर आले आणि म्हणाले की गाडीचे मागचे अंग उचला. मी उचलले, खाली सागाचे ठोकळे दिले. मग त्यांनी एक पांढरी चिंधी मागितली आणि माझ्याकडून ती शाफ्टला घट्ट बांधून घेतली. इंजिन चालू करून सगळ्यात हळूचा गियर टाकायला लावला. मागची चाके हवेत फिरू लागली. सासरे शांतपणे पोत्यावर आडवे झाले, फिरत्या गोष्टीपासून हात दूर ठेवून त्यांनी मागच्या चाकांमधल्या धुऱ्याच्या लोखंडावर तळवा टेकवला आणि डोळे चिंधीवर लावले.

मला ती चिंधी म्हणजे एक पांढरी धुरकट बांगडी दिसत होती. पण चाळीस वर्षं मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यामागे डोळे पळवलेल्या माणसाला ती वेगळी दिसत असावी. त्यांचा उजवा पाय जमिनीवर हळूहळू ताल धरू लागला, जशी मागाखालची फळी दाबावी तसा. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी इंजिन बंद करायला सांगितले.

"चिंधी एकदा वर येते," ते म्हणाले, "अन् हाताले दोनदा लागते. एका फेऱ्यात दोन हिसके. माग असा चालला का सूत तुटते."

मग खाली पडल्या पडल्याच त्यांनी बोटाने दाखवले. शाफ्टच्या दोन्ही टोकांना, क्रॉस धरायला, लोखंडाचे एकेक बेचके असते, गलोलीच्या बेचक्यासारखे.

"हे बेचकं उभं हाय, ते आडवं. असं काहून?"

मी खाली वाकून पाहिले. खरेच होते. विद्या सगळी पाठ होती. सांधा वाकडा फिरताना फेऱ्यात दोन हिसके देतो. दोन्ही बेचकी एका रेषेत असली की पुढच्या सांध्याने दिलेला हिसका मागचा सांधा परत घेतो, आणि गाडीला कळतही नाही. आडवी-उभी असली की एकाने दिलेल्यात दुसरा भरच घालतो. हा शाफ्ट दोन तुकड्यांचा, एक तुकडा दुसऱ्यात सरकणारा, म्हणून जोडताना चूक होऊ नये यासाठी बनवणाऱ्याने दोन्ही तुकड्यांवर एकेक बाण कोरलेला असतो. बाणासमोर बाण. आमच्या धंद्यात येणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच. आणि मी तीन दिवस कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून पडलो होतो, एकदाही डोळे उघडून पाहिले नव्हते.

"कोनं जोडलं हे?" सासऱ्यांनी विचारले.

मी म्हणालो, नागपूरला एक कारागीर आहे, बरा होता, आता म्हातारा झाला, डोळ्याने कमी दिसते बिचाऱ्याला. त्या कारागिराला मी मोतीबिंदूही दिला आणि नोकरीला न लागलेला एक मुलगाही दिला. लोक हळहळू लागले होते.

तेवढ्यात दारातून माझी बायको बोलली. लग्नानंतर ती चार माणसांत पहिल्यांदाच बोलत होती, आणि शाफ्टकडे बघून बोलत होती.

"हार घालताना ह्यायच्या नखात हाच लाल रंग दिसला मले. मी कुंकू समजली."

शाफ्ट लाल होता. चांगला ऑइलपेंटचा भडक लाल, वर पिवळे पट्टे. झाले असे होते की आमच्या घरी लग्नात हळद लागते ती नवरदेवाला लागते, आणि त्याच्या हत्यारांनाही लागते. आमच्या आजोबांच्या लग्नात मागाला लागली होती. माझ्या लग्नात आत्या म्हणाली की तुझे हत्यार काय, तर मी मोठेपणाने म्हटले, गाडी. गाडी मांडवात येत नव्हती. मग मी शाफ्ट उतरवला, त्याचे दोन तुकडे केले, मांडवात पाटावर मांडले, आणि बायकांनी त्यांना तेल-हळद लावून ओवाळले. ओवाळलेल्या गोष्टीला नुसते गंजके कसे ठेवायचे, म्हणून मी रात्रभर बसून रंग दिला. जाड दोन हात. बाण दोन्ही रंगाखाली गेले. आणि वरातीच्या सकाळी, घरात पाहुणे, डोक्यावर बाशिंग बांधायची घाई, मी जीपखाली घुसून हाताला येईल तसा जोडून बाहेर आलो.

हे सगळे मला अंगणात सांगावे लागले. कठड्यावरून एक माणूस हसता हसता मागे पडला. तो खाली पोचेपर्यंत मी शाफ्ट उतरवला होता.

बाकीचे काम अर्ध्या तासाचे. चाकूने रंग खरवडला, दोन्ही बाण सापडले, एक तुकडा पाव फेरा फिरवला, बाणासमोर बाण ठेवून जोडला. सासऱ्यांनी परीक्षा स्वतःच घेतली. मागावरची सुताची एक कांडी आणून त्यांनी गाडीच्या पुढच्या काचेखालच्या फळीवर उभी ठेवली, पुढे बसले, आणि म्हणाले, चालवा. चाळीस. पन्नास. कांडी उभी. साठ. कांडी अशी उभी की जणू कुणी खिळ्याने ठोकली आहे. पहेला गावाच्या अलीकडे ती पडली. मी त्यांच्याकडे बघायची हिंमत केली नाही. त्यांनी कांडी उचलली, मागे वळून रस्ता पाहिला आणि म्हणाले की हे खड्ड्यानं पडली, तुमच्यानं नाही. त्यांच्याकडून मिळालेले ते पहिले आणि बराच काळ शेवटचे प्रमाणपत्र.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला वाटेला लावले. सासूने नवे लाडू दिले. या वेळी बायको पुढच्या सीटवर बसली. भंडाऱ्याचा पूल ओलांडून मोहाडीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिला शाफ्टची सगळी विद्या सांगितली, बेचक्याची, हिसक्याची, बाणांची; शिवाय तुमसरच्या ट्रकची, आणि बपेऱ्याच्या एका ट्रकवाल्याची, ज्याची गाडी मी नुसती हॉर्नवरून ओळखून दुरुस्त केली होती. दोन्ही बाजूला धानाच्या बांध्या सपाट पसरल्या होत्या. काटा साठवर होता. गियरचा दांडा हलत नव्हता, आरसा हलत नव्हता, मला वाटले आता हिच्या तोंडून एक शब्द कौतुकाचा ऐकावा. मी विचारले, नीट कान देऊन सांग, आता काही ऐकू येते का.

तिने बाहेर बघत थोडा वेळ खरोखरच ऐकले.

"हो," ती म्हणाली. "तुमचं बोलनं."