खुशालरावांची ठासणीची बंदूक

पातूरच्या पुंजाराम लोहाराने खुशालराव पाटलांची बंदूक नवी करून टाकली, असं सगळे म्हणत होते. पुंजारामचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता.

बंदूक पाटलांच्या आजोबांची, तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने बार उडणारी. कापसाला सोन्याचा भाव आला आणि रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप उभं पीक तुडवू लागले, तेव्हा पाटलांनी अकोल्याहून परवाना आणला अन् माळ्यावरची बंदूक पुंजारामपुढे टाकली. तीन महिन्यांत त्याने गंज उतरवला, शिसवाचा नवा दस्ता बसवला, नळीचं बूड आवळलं. पण नळीला हात लावला की त्याला बाप आठवे. असंच दुरुस्त केलेलं हत्यार बापाच्या हातात फुटलं होतं. म्हाताऱ्याने पुढे उभा जन्म डाव्या हाताने भाकर खाल्ली.

चाचणीला त्याने बंदूक बाभळीच्या बुंध्याला बांधली, दुप्पट दारू ठासली, लांब वात लावली अन् बांधाआड बसला. बार दणक्यात उडाला.

“झालं ना? आन इकडं,” पाटील हरखून म्हणाले.

नळी गार झाल्यावर पुंजारामने कान, म्हणजे बत्ती द्यायचं भोक, मेणाने बुजवलं, आत पाणी भरलं. बुडाजवळ घामासारखा एक थेंब फुटला. दुसऱ्या कुणी तो पाहिला नव्हता. अंगठ्याने पुसला असता तर विषय मिटला असता.

“पाटील, नाई देत. नळीले चीर हाय.”

“बार तं उडाला! आता कावून अडवून राहिला?”

“दहावा बार तुमचं तोंड घेऊन जाईन.”

पाटील तणतणत गेले. पुंजाला काम जमत नाही म्हणून बहाणे करतो, असं बाजारात बोलले.

पुंजारामने बुडावर लालबुंद तापवलेलं लोखंडी कडं चढवलं. गार होताना ते नळीला आवळून बसलं. मग बाभळीला बांधूनच पाच बार काढले. पुन्हा पाणी भरून पाहिलं, थेंब आला नाही.

पाटील पुन्हा आले, तेव्हा तो म्हणाला, “खांद्यावरून पयला बार मीच काढतो.”

दस्ता गालाला लावला, तोच बायको दुर्गाबाई शेजारी येऊन उभी राहिली.

“बाजूले हो.”

“कावून? पक्की हाय म्हनता ना?”

डोळे मिटून त्याने घोडा ओढला.

कानठळ्या बसल्या. धूर ओसरला, तेव्हा दुर्गाबाई तिथंच होती, पदराने डोळे पुशीत. पाटलांनी कडं बोटांनी चाचपलं.

“बाजारात बोललो, ते चुकलं, पुंजा.”

पुंजारामला ते नीट ऐकूही आलं नाही. त्याने बंदूक पाटलांच्या हातात ठेवली. दुर्गाबाईने त्याला दंडाला धरून सावलीत नेऊन बसवलं.