रेकॉर्डसाठी पूर्ण नाव

१७ जानेवारी. सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढत होते. सुहासरावांची गाडी थांबली. आमच्या इथल्या, कॅनडातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. काच अर्धीच खाली केली, आतली ऊब जायला नको म्हणून.

"ताई, आज काउन्सिलपुढे बोलणार म्हणे?"

"हो."

"आपलं आपल्यात मिटवायचं सोडून गोऱ्यांपुढे कशाला? आणि तुम्हाला काय गरज? तुमच्याकडे बघून वाटतसुद्धा नाही हो."

कौतुक म्हणून बोलले ते. काच वर गेली. मी पुन्हा बर्फात फावडं घातलं.

शहराचे हॉल भाड्यानं घेणाऱ्या संस्थांना भेदभावाविरुद्धचे नियम पाळावे लागतात. वंश, धर्म, लिंग, सगळं त्यात आहे. 'जात' नाही. ती घालावी का, यावर त्या दुपारी नगरसेवकांची समिती लोकांचं म्हणणं ऐकणार होती. माणशी पाच मिनिटं. मी नाव दिलं होतं. का, ते सांगते.

मंडळाच्या गणपतीत मी किचनमध्ये असायची. मसालेभात माझा. मी बौद्ध, पण आपली माणसं भेटतात म्हणून जायची. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात. आडनावाशी गाठ पडत नाही. मग आमच्या बाबासाहेबांच्या जयंतीचा फोटो कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली सगळ्यांची पूर्ण नावं.

त्यानंतरच्या गणपतीला एप्रन घेऊन गेले, तर सुहासरावांच्या बायकोनं, मेधावहिनींनी, दारातच अडवलं.

"अगं, यंदा किचनमध्ये खूप जणी झाल्यात. तू वॉशरूमकडे बघशील? टिश्यू, कचरा वगैरे. तुला जमेल छान."

मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. दोघीच होत्या. एक कांदा चिरत होती, तिनं मान वर केली नाही.

मी पुलांची इंजिनियर आहे. त्या दिवशी वॉशरूममध्ये टिश्यू भरले, कचऱ्याच्या पिशव्या बांधल्या. जेवले नाही. कुणी विचारलंही नाही.

काउन्सिलसाठीचं भाषण मात्र मी मऊ लिहिलं होतं. 'आपल्या समाजातल्या काहींना कधीकधी वेगळं वागवलं गेल्यासारखं वाटू शकतं.' असलं. बर्फ काढून आत आले तेव्हा मुलगी ते वाचत होती.

"आई, यू टुक आउट एव्हरीथिंग दॅट हॅपन्ड," ती म्हणाली आणि टोस्ट खायला लागली.

अर्धी रजा टाकून सिटी हॉलला गेले. माझ्या आधी सुहासराव होते. कडक इस्त्रीचा सूट. सफाईदार इंग्रजी. कॅनडात जात नाहीच, म्हणाले. हा शब्द घातलात तर आमची मुलं बदनाम होतील. मग मागे वळून माझ्याकडे हात केला. "या आमच्या ताई. आमच्या प्रत्येक कार्यक्रमात आनंदानं सेवा करतात. त्यांनाच विचारा."

नगरसेवक माझ्याकडे बघून हसले. गोड.

आनंदानं. सेवा. मी भाषणाच्या कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

माइकपाशी गेले. "रेकॉर्डसाठी नाव सांगा," समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. मी सांगितलं. माझं, नवऱ्याचं, आडनाव. सावकाश. मागच्या रांगेत मंडळाची माणसं होती. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

मग वॉशरूम सांगितली. याच शहराच्या हॉलमधली. 'तुला जमेल छान' आधी मराठीत म्हटलं, मग इंग्रजीत. आवाज चढवला नाही. चढवला असता तर तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं असतं.

एका नगरसेवकानं घसा साफ केला. "सांगितल्याबद्दल धन्यवाद. पण हा कामाच्या वाटणीतला गैरसमज असू शकतो ना? तुम्ही आणि मंडळाचे अध्यक्ष बसून बोललात का?"

"आत्ता तुमच्यासमोर ते माझ्या वतीनं बोलले," मी म्हणाले. "मला न विचारता. यालाच..."

वेळ संपल्याचा लाल दिवा. माइक बंद. पुढचं वाक्य माझं मलाच ऐकू आलं. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. आणखी सल्लामसलत हवी म्हणे.

बाहेर कोट चढवत होते. सुहासराव आले.

"एवढं मनाला लावून घेतलंत, ताई? वॉशरूम कुणीतरी बघायलाच हवी ना."

"हवी की. मेधावहिनींना सांगा. त्यांना जमेल छान."

त्यांचा चेहरा आवळला. "तुम्हा लोकांना ना..." म्हणाले, आणि थांबले. आजूबाजूला पाहिलं. वाक्य गिळलं. दिवसभरात खरं असं तेवढंच त्यांच्या तोंडी आलं होतं.

बसमध्ये बसले. रडू आलं नाही. सुहासरावांचा तो सकाळचा 'वाटत नाही'चा दाखला मला नको होता, कधीच मागितला नव्हता. आता तो द्यायची कुणाची हिंमत होऊ नये, एवढं मी बघणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसला निघण्याआधी, सिटी हॉलला फोन केला. पुढच्या बैठकीत बोलायला नाव दिलं. पूर्ण नाव. मग हॉल बुकिंगला फोन केला. तोच गणपतीचा हॉल मागितला, आमच्या जयंतीच्या जेवणासाठी, माझ्या नावावर.

"फक्त हॉल हवाय की किचनसुद्धा?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

"किचनसकट," मी म्हणाले.