तंतू सरळ बसले त्या दिवशी

“काठी लावली का जी?” यंत्राला हात लावण्याआधी ते विचारायचेच. काठी लाकडाची, टोकाला तांब्याचा हुक, त्यातून जमिनीत गेलेली तार. बटण बंद केल्यावरही यंत्रात वीज दडून राहायची, ती या काठीनं उतरवायची.

नागपूरच्या एका कॉलेजात ते प्रयोगशाळेचे मेकॅनिक होते. गाव कुही. आधी कापडगिरणीत होते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, सहीपुरतं लिहिणारी आणि यंत्राच्या आवाजावरून दुखणं ओळखणारी.

मी नवा अधिव्याख्याता, संशोधन करत होतो. सुईतून चिकट द्रावणाचा थेंब सोडायचा, त्याला जबर दाबाची वीज द्यायची. थेंबातून केसाहूनही कितीतरी बारीक तंतू ओढले जात. पण पत्र्यावर पडताना त्यांचं कोळिष्टक व्हायचं. मला ते एका दिशेनं हवे होते.

“पत्रा एका जागी काहून ठेवता, सर? फिरवून पाहा ना,” ते म्हणाले. त्यांनी डब्याचा ढोल केला आणि त्याला शिलाई मशीनची मोटर जोडली. किती दिवस वेग कमी-जास्त करत बसले.

एका दुपारी तंतू सरळ बसले. “केस विंचरल्यावानी!” ते हसले. मी बटण बंद करून ढोलावर वाकलो. उजेडात ती चकाकी पाहत राहिलो.

“सुई साफ करतो. काठी लावली का जी?”

“हो,” मी म्हणालो. लावली नव्हती.

सुईला हात लागताच ते मागच्या टेबलावर आदळले. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि त्या हातात जोर उरला नाही.

दवाखान्यात प्राचार्यांनी विचारलं. ते म्हणाले, “माहीच चूक जी. मी सरले इचारलंच नाही.” मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो.

मला पदवी मिळाली. प्रबंधात एका ओळीत त्यांचे आभार आहेत.

नोकरी सोडून ते गावी गेले. दोन वर्षांनी मी कुहीला गेलो, तेव्हा त्यांची बायको त्यांच्या सदऱ्याची बटणं लावून देत होती. तिनं मला विचारलं, “सर, तुमी तवा तिथंच होते ना? यायच्या हातून असं कसं झालं जी?”

“चहा मांड वं आधी,” ते म्हणाले. ती आत गेली. माझ्याकडे न पाहता त्यांनी डाव्या हातानं खाट झटकली आणि मला बसायला जागा केली.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं. ती अजून आहे. तिला उत्तर द्यायला मी गेलेलो नाही.