बांधाबाहेरची जमीन

मनुबाई लग्न होऊन खाडीकाठच्या या गावात आली, तेव्हा सासरची जमीन एकत्र होती. सासरे गेल्यावर वाटण्या झाल्या. रेघ थोरल्या दिराने मारली आणि आपला हिस्सा आधी त्यानेच उचलला. मनुबाईच्या नवऱ्याच्या, रावजींच्या वाट्याला खाडीच्या बांधालगतचं सगळ्यात खोल शेत आलं. रावजींनी ते तसंच घेतलं. पुढे दोघांनी मिठागरावर राबून वर तळ्याजवळ एक चांगलं शेत घेतलं. पण बांध पाझरून खालच्या भातात खारं पाणी शिरलं की मनुबाईला ती रेघ आठवायची.

चार वर्षांमागे श्रावणातल्या उधाणात बांध फुटला. सरकारी माणूस येऊन बघून गेला. वळणावर खाडीने बांधाची मुळी पोखरली आहे, तिथे माती टाकून उपयोग नाही, बांध आत घ्यावा लागेल, असं त्याने सांगितलं. किती आत, ते घट्ट चिकणमाती कुठे लागते त्यावर. जमीन सुकली की खड्डे मारून बघायचं. बांधाबाहेर राहतील ती शेतं कायमची खाडीत जाणार, हे मात्र सगळ्यांना कळलं.

देवळात बैठक बसली. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांना बांध जितका आत तितका बरा वाटत होता, खालच्यांना जितका बाहेर तितका. हरेश्वरच्या गाड्या न्हावा शेव्याला कंटेनर ओढतात, पण त्याचंही एक शेत मध्यावर होतं. तो म्हणाला, "ज्याची जाईल त्याचं नशीब. दर्याची होती, दर्यानं नेली."

रावजींचे गुडघे धरलेले, म्हणून मनुबाई आली होती. ती खांबाशी बसून होती, बसल्या जागीच बोलली.

"रेघ कुठून जायची त्ये अजून कुणालाच ठाव न्हाय. मंग आजच ठरवा. ज्याचं शेत बाहेर जाईल त्याला बाकीच्यांनी काय द्यायचं? एकदा खड्डे मारले, की जो तो आपलं शेत बघून बोलंल."

तिचं शेत सगळ्यात खाली, म्हणून ती असं बोलते, असं कोणीतरी हळूच म्हणालं. मनुबाईने ते नाकारलं नाही.

"व्हय, माजं जाईल आसंच मलाबी वाटतं. पन हरेश्वर, तुजं जानार न्हाय ह्ये तू सांगशील का?"

नशिबाची गोष्ट हरेश्वरने पुन्हा काढली नाही. वाटा कसा द्यायचा, हेच विचारलं. बोलता बोलता ठरलं, की ज्याचं शेत आत राहील त्या प्रत्येकाने बाहेर गेलेल्यांना आपल्या जमिनीच्या मानाने थोडी थोडी जमीन द्यायची, म्हणजे कोणाची शेती मुळातून जाणार नाही. शेवटची अट हरेश्वरनेच घातली. तुकडा घेणाऱ्याने निवडायचा, देणाऱ्याने नाही.

दिवाळीनंतर खड्डे मारले. वळणावर सगळा भुसभुशीत गाळ निघाला, पण मनुबाईच्या शेताच्या कडेलाच घट्ट माती लागली. तिचं शेत आत राहिलं. हरेश्वरचंही वाचलं. बाहेर गेली ती वळणावरची तीन शेतं, आणि त्यातलं सखुबाईचं तर तिच्याकडे होतं तेवढं एकच.

आता काही जण म्हणू लागले, बैठकीत बोललो ते बोलणंच होतं, त्याचं काय एवढं? हरेश्वर त्यांना म्हणाला, "मी तेव्हा व्हय म्हटलं ते भीतीपोटी. पन म्हटलं." त्यावर वाद मिटला.

मनुबाईच्या घरातही कुरबूर झालीच. कळंबोलीला असलेल्या मुलाने, स्वप्निलने, फोनवर सांगितलं की खालच्या शेतातलं काहीतरी दे, वरचं देऊ नकोस. रावजी म्हणाले, निवडणारी सखू आहे, आपण कोण?

पण सखुबाई निवडायला येईचना. बाकीच्या दोघांनी आपापले तुकडे घेतले, हिने घराबाहेर तोंड काढलं नाही. शेवटी मनुबाईच तिच्याकडे गेली. सखुबाई म्हणाली, नवरा गेल्यापासून मी कोणापुढे हात पसरला नाही, आता गावाचं दान घेऊन कुठे मिरवू?

"दान न्हाय ह्ये," मनुबाई म्हणाली. "दान आसतं तर मी माज्या मर्जीनं दिलं आसतं, न्हायतर न्हाय. ह्यो तुजा वाटा हाय. माजं शेत गेलं आसतं तर मी तुज्या दारात मागाया आली आसती, आनि लाजली नसती."

दुसऱ्या दिवशी सखुबाई सगळी शेतं फिरली. गावाने द्यायच्या जमिनीत तिने पहिल्यांदा बोट दाखवलं ते मनुबाईच्या तळ्याजवळच्या शेतावर, आणि तेही पाण्याच्या बाजूच्या कोपऱ्यावर. मनुबाई हो म्हणाली, घरी आली आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. हे तिने कोणापासून लपवलं नाही.

नवा बांध उभा राहिला. बाहेरच्या जमिनीत आता तिवरांची खारी झुडपं उगवली आहेत, भरतीला तिथे पोरं खेकडे-चिंबोऱ्या धरतात. सखुबाईचं भात गेल्या साली चांगलं पिकलं. तळ्याचं पाणी आधी कोणाच्या शेतात सोडायचं, यावरून तिची आणि मनुबाईची दर लावणीला जुंपते. सखुबाई आवाज चढवते, मनुबाईही चढवते. मग दोघी मिळून तळ्याचं पाणी सोडायची मोरी उघडतात.