भावजयीचा लॅपटॉप

माझ्या भावजयीला खोटं बोलता येत नाही. हा गुण आहे हे मला आता पटतं. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा तो रोगच वाटायचा. पहिल्याच आठवड्यात आईनं तिला विचारलं, "भरीत कसं झालं व?" तर ही म्हणाली, "मीठ जास्त झालं, आत्याबाई. पण खाता येते." वांगी आमच्या वावरातली, भरीत आईच्या हातचं आणि शेजारी जेवायला आईचे सख्खे भाऊ बसलेले! मी मनात म्हटलं, बाई, तुझं या घरात काही खरं नाही.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वराकडचं. काळी जमीन आहे, विहिरीला पाणी आहे, वांगी, फुलकोबी, सांभार, म्हणजे कोथिंबीर, असं सगळं पिकतं आणि अमरावतीच्या बाजारात जातं. मी अकोल्याला शाळेत शिकवते, पण सुट्टी लागली की पाय गावाकडंच वळतात. आमच्या घरात बायकांनी "मले पायजे" म्हणायची पद्धत नाही. "घरात लागते" म्हणायचं. मिक्सर आला तो घरात लागत होता म्हणून. मला कॉलेजात सायकल मिळाली तीसुद्धा घरात लागत होती, कारण मी येताना बाजारातून किराणा आणत असे. हौस नावाची वस्तू आमच्या उंबऱ्याबाहेर चपलांसोबत काढून ठेवायची असते.

तर या भावजयीला अमरावतीला विद्यापीठात संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. बाबांनी हो म्हटलं होतं, पण ते हो कसं, तर सुतळीनं बांधलेल्या फाटकासारखं. आई रोज येता-जाता ते हलवून बघायची. "सून आकडे शिकून काय वांगे मोजन?" असं ती शेजारणीला सांगायची, आणि बाबा ऐकून गप्प बसायचे. भाऊ बायकोच्या बाजूचा, पण बापासमोर त्याच्या तोंडाला कुलूप. एखादं निमित्त मिळायचा अवकाश, की ते हो मोडलंच असतं.

त्यात तिचा मला फोन आला. "ताई, लॅपटॉप घ्यायचा हाय. मामाजी म्हणतात अकोल्यालेच घेऊ, तुम्ही सोबत असान." मामाजी म्हणजे माझे बाबा.

"घेऊ ना मंग. कसा पायजे?"

"अभ्यासाले साधा पुरते, ताई," ती म्हणाली. "पण मले गेमबी खेळायचे हायेत. रोज नाही. कधीमधी. त्याले ग्राफिक्स कार्डवालाच लागते."

मला वाटलं कानात काही गेलं. गेम? नवऱ्याच्या, सासऱ्याच्या घरात राहणारी बाई, सकाळी उठून वांगी तोडणारी, तिला गेम खेळायचेत? मग तिनं सांगितलं. माहेरी, अकोल्याला, भावाच्या कम्प्युटरवर ती लहानपणापासून खेळायची. मोटारींच्या शर्यतींत भावाचे सगळे मित्र तिनं हरवले होते. लग्न झाल्यापासून एकदाही नाही. हे सांगताना तिचा आवाज असा झाला, जसं कुणी आपल्या मेलेल्या गाईबद्दल बोलावं.

मी तिला दटावलं. "हे पाह्य, बाबांसमोर गेमचा ग काढू नोको. साधा घे, गुमान घरी ये. बाबांले कळलं की सून खेळाले मशीन मांगते, तं लॅपटॉप राहू दे बाजूला, तुह्यं विद्यापीठच बंद होईन."

"साधाच घेतो, ताई. मले एम.एस्सी. महत्त्वाची. पण त्यायनं सोताच विचारलं तं मी खोटं नाही सांगणार."

"थे कायले विचारतात!" मी म्हटलं.

जून लागला होता, पण ऊन काही मे सोडायला तयार नव्हतं. बाबा एसटीनं आले, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून, मागं सून. मी त्यांना माझ्या गाडीतून दुकानात नेलं. आमच्या घरात बाबांनी पाहिल्याशिवाय काही येत नाही, आणि बाबांची पाहण्याची एकच रीत आहे, बैल पाहायची. हेडा, म्हणजे जनावरांचा दलाल, बैल सावलीत उभा करून, अंगावरून हात फिरवून गुण सांगत असतो. बाबा ऐकूनच घेत नाहीत. बैल उन्हात आणायचा, भरल्या बंडीला जुपायचा, आणि चढावर न्यायचा. ओढला तर आपला. विहिरीवरची मोटर, फवारणीचा पंप, माझ्या लग्नाच्या वेळी आलेला कूलर, सगळ्यांची बाबांनी अशीच परीक्षा घेतलीय. माझ्या नवऱ्याचीही घेतली होती. जावई म्हणून पाहायला गेले आणि त्याला भर दुपारी आंब्याच्या पेट्या उचलायला लावल्या. बिचारा अजून सांगतो.

दुकानातला विक्रेता मुलगा हुशार होता, गोड बोलत होता. रॅम सांगितली, प्रोसेसर सांगितला, बॅटरी सांगितली. भावजयीनं दोन-तीन नेमके प्रश्न विचारले, त्यानं नीट उत्तरं दिली, आणि एक चपटा, राखाडी, देखणा लॅपटॉप दोघांनी मिळून काढला. साधा. अभ्यासाचा. मी सुस्कारा सोडला.

बाबा इतका वेळ खुर्चीत बसून वर एसीकडं बघत होते. ते उठले. "हे तं सावलीतले गुण झाले, बापू. याच्यावर सगळ्यात जड काय चालते?"

मुलगा बिचारा भोळा. "गेम, काका. गेमइतका लोड कशाचाच नसतो."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाबा सुनेकडं वळले. "तू कायचा बोजा घालशीन बाई याच्यावर?"

मी मध्ये पडले. "बाबा, आकडेमोड असते तिची. मोठ्ठाली आकडेमोड. थेच जड असते."

"तुले नाई विचारलं."

तिनं ओढणी सारखी केली. हो म्हटलेलं एम.एस्सी., आईची कुरकुर, सगळं तिच्याही डोळ्यासमोर असणारच. एक शब्द, "आकडेमोड", एवढा म्हटला असता तर सुटली असती. मी डोळ्यांनी खुणावत होते, म्हण, माय, म्हण.

"अभ्यास हलका हाय, मामाजी," ती म्हणाली. "तो याच्यावर होईन. पण मले गेमबी खेळायचा हाय. कधीमधी. मले तो लय आवडते. त्याले हे मशीन पुरत नाही."

सासऱ्याच्या तोंडावर, चार माणसांत, "मले आवडते"! आमच्या सात पिढ्यांत हे वाक्य कुण्या बाईनं उच्चारलं नसेल. मला तिचा राग आला, भीती वाटली, आणि त्याच वेळी असं वाटलं की उठून तिची दृष्ट काढावी.

बाबांनी दुपट्टा सोडला, झटकला, परत बांधला. रागावले की ते असंच करतात. मग बराच वेळ त्या राखाडी मशीनकडं पाहत राहिले. मी वाट पाहत होते की आता म्हणतील, चला घरी. पण माणूस आपल्या रीतीपुढं लाचार असतो. बोजा एकदा कळल्यावर तो न घालता उठायचं, हे बाबांच्यानं होईना.

"बोजा सांगतला तं घालून पाहा लागते," ते म्हणाले. "बाहेर घ्या हे. उन्हात."

"काका, बाहेर?" मुलगा रडकुंडीला आला. "बाहेर आग पेटलीय!"

"मंग आमच्या घरी काय बरफ पडते?"

मालक गल्ल्यावरून हसत हसत उठला, कदाचित त्याचाही बाप शेतकरी असावा. त्यानं परवानगी दिली. उन्हात पडदा दिसणार नाही म्हणून दुकानासमोरच्या तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकचा स्टूल आला, आतून लांब वायर ओढली. दाखवायला म्हणून दुकानातल्या मशिनींवर मोटारशर्यतीचा एक गेम घातलेला होताच. भावजय दुसऱ्या स्टुलावर बसली. गाडी सुटली, चित्र अडखळायला लागलं, आतला पंखा कोकलायला लागला आणि थोड्याच वेळात सगळं काळंठिक्कर.

"बसला," बाबा म्हणाले.

खरं सांगते, ही परीक्षा अन्यायाची होती. त्या बिचाऱ्या मशीनला जे काम करायचंच नव्हतं ते त्याच्यावर लादलं, तेही अकोल्याच्या उन्हात. मुलानं हेच समजावून सांगितलं आणि त्याचं बरोबरच होतं. बाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "दुसरा आन." दुसरा आला. जाड, काळा, वजनदार, मागं मोठाल्या जाळ्या असलेला. रूपात मार खाल्लेला. भावजयीनं त्यावर हात ठेवला मात्र, आणि तिचा चेहराच बदलला.

मी पंधरा वर्षं मुलांना शिकवते, हुशारी ओळखते. पण असं काही मी पाहिलं नव्हतं. पडद्यावर डोंगर, पाऊस, घाटातला निसरडा रस्ता, पुढं सात-आठ गाड्या. ही पाठ ताठ करून बसली. बोटं अशी चालत होती, जशी आईची ज्वारी पाखडताना चालतात, कुठं घाई नाही, कुठं थांबणं नाही. कपाळावरून घाम ओघळत होता, तो पुसायचंही भान नव्हतं. एकेक गाडी मागं पडत गेली. रसवंतीवाला मशीन बंद करून आला. एक ऑटोवाला आपला ऑटो रस्त्यातच सोडून उभा राहिला आणि "अबे, पाह्य ना बे, ताईचा हात पाह्य!" असं कुणाला तरी सांगत सुटला. मीही ओरडले की काय कोण जाणे. घसा दुखत होता नंतर.

बाबा आधी मशीनच्या मागं हात धरून वाफ बघत होते. मग केव्हातरी ते पुढं आले. आता ते मशीनकडं बघतच नव्हते. सुनेकडं बघत होते. घरात दोन वर्षं वावरणारी ही पोर त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिली.

"हे कवा शिकली व तू?" त्यांनी विचारलं.

"थांबा, मामाजी," ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "वळण हाय."

आणि बाबा थांबले! आमच्या गावचे लोक ज्यांना बघून बिडी विझवतात, ते माझे बाबा, सुनेनं थांबा म्हटल्यावर हात मागं बांधून गुपचूप उभे राहिले. वळण गेलं. गाडी पहिली आली. ऑटोवाल्यानं शिट्टी मारली. मशीन तापलं होतं, पण बसलं नव्हतं. बाबांनी त्याच्यावर तळहात टेकवला, मालकाकडं पाहिलं आणि म्हणाले, "हेच बांधा."

संध्याकाळी मी दोघांना घेऊन गावाकडं निघाले. भावजय मागच्या सीटवर लॅपटॉपच्या खोक्याला मिठी मारून झोपली होती, तोंड उघडं टाकून. बाबा माझ्या शेजारी. मूर्तिजापूर गेलं तरी एक शब्द नाही. मला वाटलं, बाजारात चढलेली नशा उतरली, आता घरी गेल्यावर आईसमोर काय होतं देव जाणे. म्हणून मीच विषय काढला. "बाबा, आई काई म्हनन तं?"

"म्हनू दे. मी पायलं हाय ना माह्या डोळ्यानं." मग जरा वेळानं, "वांगे तोडून झाल्यावर खेळन म्हना. आन् कालेज चुकवाचं नाई." झालं. एवढ्यात निकाल लागला. मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. मागं झोपलेल्या त्या पोरीचं मला इतकं कौतुक वाटत होतं, की तिला उठवून सांगावं. मी अर्ध्या आयुष्यात जे मागू शकले नाही ते तिनं भर दुकानात, चार माणसांत, सरळ मागितलं होतं.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. "तुले काय आवडे व खेळाले?" त्यांनी विचारलं.

"मले?"

"लहान होती तवा."

माझी चाळिशी उलटून गेली. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "कबड्डी," मी म्हटलं. "शाळेच्या चमूत घेतलं होतं मले. जिल्ह्याले जायचं होतं. अमरावतीले. बाईंनी नाव दिलं होतं."

"मंग?"

"नाई गेली."

"काहून?"

"तुमाले विचारा लागत होतं. मी विचारलंच नाई."

"काहून नाई विचारलं?"

समोरून ट्रक आला, गेला. मी म्हटलं, "तुमी नाई म्हनलं असतं, बाबा."

मला वाटलं, आता म्हणतील, असं कसं म्हणतेस, मी पाठवलं असतं. सगळे बाप असंच म्हणतात. मी ते ऐकून घ्यायची तयारीही केली होती. बाबांनी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि मांडीवर घेतला.

"व्हय, माय," ते म्हणाले. "नाईच म्हनलं असतं."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मला पुढचा रस्ता दिसत नव्हता.