मी कापून घेतलेला आवाज

डोंगरकडा गावात आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानामागं एक खोली होती. भिंतींना जुन्या गाद्या लावून मी तिथं रॅपसाठी बीट बनवायचो. जड बेस, कर्कश ढोल, ऐकणाऱ्याच्या छातीत धडकी भरावी असं काहीतरी.

माझ्याकडं येणाऱ्यांत सगळ्यात वेगवान गडी जवळा बाजारचा होता. तिथं आडतीवर सोयाबीन मोजायचा. एरवी बोलताना फार अडखळायचा. गावाचं नाव सांगायचं तरी 'ज'वर थांबून राहायचा. माइकसमोर मात्र एका दमात सोळा ओळी, एकही अक्षर न सांडता. मी बीट जितकी पळवीन तितका तो पळायचा.

एका गाण्याला मला सुरुवात सापडत नव्हती. रेकॉर्डिंगच्या आधी माइक चालूच राहिला होता आणि त्यात तो मला "तुझं झालं का" असं विचारताना 'त'वर अडकला होता. मी तेवढाच तुकडा कापला, आवाज जाड केला आणि बेसवर फिरवत ठेवला. गोळ्या सुटल्यासारखं वाटत होतं. त्याला विचारावं, असं मनात आलं होतं. तो नको म्हणेल म्हणून विचारलं नाही. गाणं तसंच इंटरनेटवर टाकलं.

दोन दिवसांनी वाशीमच्या कार्यक्रमाला जाताना आम्ही कनेरगाव नाक्यावर जेवायला थांबलो. सोबतच्या मित्रानं फोनवर गाणं लावलं आणि हसत त्याला म्हणाला, "हे तर तूच बोलून राहिला की."

त्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. जेवला. वाशीमला एकदाही न चुकता गायला. परत येताना गाडीत हळूच मला विचारलं, "क-काहून केलं?"

"भारी वाटलं म्हणून."

तो म्हणाला, "मी ए-एकाच ठिकाणी अडकत नव्हतो, गाण्यात. थितंबी त्वा अ-अडकवलं."

गाणं मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं, पण तोवर ते फोनाफोनांत गेलं होतं. बाजारातली पोरं त्याच्या मागं तसाच आवाज काढायची म्हणे. तो पुन्हा खोलीवर आला नाही.

गेल्या वर्षी मी आडतीवर जाऊन त्याची माफी मागितली. त्यानं मला पोत्यावर बसवलं, आईची तब्येत विचारली.

"आता रॅप करतोस का?" मी विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात ट्रॅक्टर आला आणि तो माल मोजायला उठला.